जीपच्या चाकातील वंगण : आवाज होण्याची वाट पाहू नये

पाऊस जवळ आला की शेतकरी आपली अवजारे तपासतो. नांगराचा फाळ लोहाराकडे जातो, कोयत्यांना धार लागते, फवारणी पंपाचे वॉशर बदलले जातात आणि पॉवर टिलरचे तेल पाहिले जाते. ही शिस्त आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. तथापि शेतावरील एक अवजार या तपासणीतून नेहमी सुटते, ते म्हणजे घरची जुनी जीप. चारही चाकांना इंजिनाची ओढ देता येईल अशा जुन्या जीप, तसेच त्याच धर्तीच्या इतर गाड्या, मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ या तालुक्यांत आजही अनेक अंगणांत उभ्या आहेत. त्या बियाणे, खत, चारा, भेंडी-काकडीच्या पाट्या आणि प्रसंगी आजारी माणूसही वाहून नेतात. त्यांना रंग दिला जातो, टायर बदलले जातात, पण पुढील चाकांच्या आत काय चालले आहे, याची चौकशी सहसा होत नाही. पुढील चाकांची बेअरिंगे व हब लॉक ही आवाज झाल्यावर उघडण्याची वस्तू नसून ठरलेल्या तिथीला उघडण्याची वस्तू आहे, हे या लेखात सांगावयाचे आहे. ती उघडली जात असताना मालकाने स्वतः तेथे हजर राहिले पाहिजे, हेही तितक्याच आग्रहाने सांगावयाचे आहे.

जीप आणि कृषि विस्तार यांचे नाते जुने आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना ५५ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि कच्च्या रस्त्याच्या खेड्यांत पोहोचण्याचे साधन म्हणून जीप पुढे आली. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या स्थापन झाल्यानंतर गटविकास अधिकाऱ्याची जीप हे तर खेड्यात आलेल्या शासनाचे दृश्य रूपच ठरले. कार्यालयांनी लिलावात काढलेल्या अशा कित्येक गाड्या पुढे शेतकऱ्यांच्या दारी आल्या. आता ते दिवस संपले. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले असून ती वाहने मोडीत काढावी लागतात. खाजगी वाहनाला मात्र १५ वर्षांनंतर योग्यता तपासणी होऊन पुढील ५ वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळू शकते. म्हणजे कचेऱ्यांच्या आवारातून जुनी जीप गेली, ती शेतकऱ्याच्या अंगणात मात्र राहिली. जी वस्तू राहणार आहे, तिची निगा शिकविणे हे विस्तारकार्यातच मोडते.

बैलगाडीची शिस्त

बैलगाडीच्या काळात या विषयावर लेख लिहिण्याची गरज पडली नसती. गाडीचा आस उघडा असे, तुंब्यात वंगण घातल्यावाचून गाडीवान लांबच्या वाटेला निघत नसे आणि वंगणाचे नळकांडे गाडीलाच टांगलेले असे. वंगण संपले की चाक करकरू लागे. बैल थकत, आस झिजे आणि ते सर्वांना दिसे. दोष झाकला जात नसल्यामुळे त्याची दुरुस्तीही वेळेवर होई.

जीपच्या चाकात आस झाकलेला आहे. मधल्या हबच्या आत तिरप्या रोलरांची दोन बेअरिंगे, एक आतल्या अंगाला व एक बाहेरच्या अंगाला, समोरासमोर तोंडे करून बसविलेली असतात. अशा बेअरिंगाचे एकाधिकारपत्र अमेरिकेत १८९८ साली हेन्री टिमकेन यांना मिळाले. ते घोडागाड्या बनविणारे कारखानदार होते, ही गोष्ट आपल्या दृष्टीने बोधप्रद आहे. भरलेली गाडी वळताना चाकावर केवळ वरून भार येत नाही, तर बाजूनेही रेटा येतो. तो रेटा सरळ रोलर पेलू शकत नाहीत, म्हणून रोलर तिरपे बसविले. बैलगाडीच्या आसावर जी कसोटी येते, तीच जीपच्या स्पिंडलवर येते. फरक इतकाच की जीपचे चाक कितीतरी वेगाने फिरते. सोळा इंची जुन्या मापाचा टायर एका किलोमीटरला सुमारे ४४० फेरे घेतो. मुरबाडहून कल्याणच्या बाजार समितीपर्यंतच्या साधारण ३० किलोमीटरांत ते चाक सुमारे १३ हजार वेळा फिरते. हे सर्व फेरे ओंजळभर ग्रीजच्या भरवशावर होतात.

आपल्या जिल्ह्याचे पाणी

घाटावरील कोरड्या मुलखात वाहनांच्या पुस्तिकेतील नियम पुरेसा होईल. किती किलोमीटर धाव झाल्यावर बेअरिंगे धुऊन नवे ग्रीज भरावे, याचा आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. जुन्या जीपच्या बाबतीत तो साधारणतः १० हजार किलोमीटरांच्या आसपास धरला जातो. ठाणे जिल्ह्यात मात्र किलोमीटरांचा हिशेब फसवा आहे. शेतावरची जीप वर्षाकाठी चार-पाच हजार किलोमीटरच धावते. पुस्तिकेप्रमाणे तिचा हब दोन वर्षांत एकदा उघडेल. या दोन वर्षांत ती दोन पावसाळे पाहते आणि आपल्याकडील एका पावसाळ्यात सरासरी अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो.

पाणी हबमध्ये कसे शिरते, हे नीट समजून घेतले पाहिजे. गाडी दहा-पंधरा किलोमीटर धावली व घाटात ब्रेक लागले, की हब चांगलाच तापतो आणि त्याच्या आतील हवा प्रसरण पावते. अशा स्थितीत गाडी ओढ्यात किंवा पाणी भरलेल्या खाचराच्या वाटेत उतरली, की हब एकाएकी थंड होतो. आतील हवा आकसते व बाहेरचे पाणी आत ओढून घेते. ऑईल सील नवे असेल तर ते बरेचसे पाणी अडवते, परंतु सीलची कड झिजलेली असल्यास पाण्यासोबत भाताच्या खाचराची बारीक गाळवट मातीही आत जाते. पाण्यामुळे ग्रीज पांढुरके व पातळ होते आणि माती रोलरांना कानशीप्रमाणे घासते. ठाणे, कळवा, भिवंडी व कल्याण यांच्या खाडीकाठच्या खाजण जमिनींत तर पाण्याला मिठाचीही जोड असते. खाऱ्या पाण्याने रोलरांवर बारीक खड्डे पडतात. एकदा खड्डा पडला की कितीही उत्तम ग्रीज भरले तरी तो भरून येत नाही.

उल्हास, काळू, भातसा व बारवी या नद्यांच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना पुराचे वर्णन करून सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजी कल्याण, बदलापूर व परिसर पाण्याखाली गेला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना सोडवून आणावे लागले. अशा प्रसंगी ज्यांच्या गाड्या पाण्यात उभ्या राहतात, ते इंजिनाचे तेल बदलतात, कारण इंजिन बंद पडलेले दिसते. हबमधले पाणी दिसत नाही, म्हणून ते तसेच राहते आणि दिवाळीच्या सुमारास चाक बोलू लागते. तोवर दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते.

आणखी एका वर्गाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. ठाणे किंवा डोंबिवली येथे नोकरी करून शनिवार-रविवारी मुरबाड-शहापूरकडील शेती पाहणारे अनेकजण जुनी जीप बाळगतात. त्यांची समजूत अशी की गाडी फार चालत नाही, म्हणून ती झिजतही नाही. वास्तविक ओल शिरलेला हब पाच दिवस उभा राहिला की रोलर जेथे टेकलेले असतात तेथेच गंजाची रेघ उमटते. उभ्या गाडीचे बेअरिंग चालत्या गाडीच्या बेअरिंगाआधी खराब होण्याची उदाहरणे यामुळेच दिसतात.

आवाज हा इशारा नव्हे

दौऱ्यावर असताना प्रस्तुत लेखक जीपमालकांना एक प्रश्न आवर्जून विचारतो : पुढचे हब शेवटी कधी उघडले? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते की, "आवाज नाही, मग कशाला उघडायचे?" हे उत्तर वरकरणी व्यवहारी वाटते. पण बेअरिंगाचा आवाज हा रोगाचा आरंभ नसतो, बहुधा तो त्याचा शेवटचा टप्पा असतो. जुन्या डिझेल जीपमध्ये इंजिन, गिअर व ताडपत्री यांचा गोंगाट इतका असतो की चाकाची घरघर ऐकू येते तेव्हा रोलरांचा पृष्ठभाग सोललेला असतो. त्यापुढे रोलरांचा पिंजरा तुटतो, बेअरिंग स्पिंडलवर घट्ट चिकटते, स्पिंडल निळे पडते आणि चाक डळमळू लागते. माळशेजच्या उतारावर भरल्या गाडीचे पुढचे चाक डळमळणे म्हणजे काय, हे निराळे सांगण्याची गरज नाही. त्या गाडीत मागच्या बाजूला भाजीच्या पाट्यांवर माणसेही बसलेली असतात.

खर्चाचा विचार केला तरी हाच निष्कर्ष निघतो. वेळेवरच्या कामाला थोडे ग्रीज, दोन सील, पॅकिंग व एका दिवसाची मजुरी लागते. वेळ टळल्यावर बेअरिंगे, स्पिंडल, कधी हब व ब्रेकचे लायनिंग हे सर्व बदलावे लागते आणि जुन्या गाडीचे स्पिंडल शोधण्यासाठी कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारापर्यंत खेपा घालाव्या लागतात. ऐन हंगामात गाडी आठवडाभर उभी राहिली तर तोडलेली भेंडी राठ होते, आणि तो तोटा कोणत्याही बिलात दिसत नाही.

दोन तिथ्या

म्हणून असे सुचवावेसे वाटते की, किलोमीटरांचा हिशेब बाजूस ठेवून वर्षात दोन तिथ्या बांधून घ्याव्यात. पहिली अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, म्हणजे पावसापूर्वी. त्या वेळी बेअरिंगे धुऊन तपासावीत, नवे सील बसवावे व नवे ग्रीज भरावे, म्हणजे पाणी अडविण्याची तटबंदी पावसाआधी उभी राहते. दुसरी खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात, म्हणजे पाऊस ओसरताना. खंडेनवमीला आपण अवजारांची व वाहनांची पूजा करतो आणि जीपच्या बॉनेटला झेंडूचा हार घालतो. ती प्रथा चांगलीच आहे. परंतु चार महिने चिखलपाण्यात राबलेल्या अवजाराची खरी पूजा त्याचा मळ काढण्यात आहे. हार घालण्यापूर्वी हब उघडावा, अशी प्रथा गावोगाव पडल्यास फार मोठे काम होईल. याखेरीज चाकाचा मध्यभाग बुडेल इतक्या पाण्यातून गाडी गेली किंवा पाण्यात उभी राहिली, तर तिथीची वाट न पाहता त्याच आठवड्यात हब उघडावा.

मधल्या काळात मालकाने घरच्या घरी दोन परीक्षा कराव्यात. लांबच्या खेपेनंतर दोन्ही पुढील हबांजवळ हात नेऊन उष्णता ताडून पाहावी. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे अधिक तापली असेल तर तेथे ब्रेक किंवा बेअरिंग यांपैकी काहीतरी घासत आहे असे समजावे. दुसरी परीक्षा महिन्यातून एकदा करावी. मागच्या चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकने उचलावे, ते वर व खाली धरून हलवावे आणि ढिलाई लागते का ते पाहावे. ढिलाई लागल्यास दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरण्यास सांगावे व पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा आहे. ती तशीच राहिली तर दोष किंगपिनचा आहे. एवढे ठाऊक असलेल्या मालकाला कोणी भलतेच काम सांगू शकत नाही.

मालकाने काय पाहावे

"हे मिस्त्रीचे काम आहे, आम्ही त्यात काय पाहणार?" असा आक्षेप घेतला जातो. काम मिस्त्रीनेच करावे, यात वाद नाही. कल्याण, भिवंडी व मुरबाड येथे जुन्या जीपवर हात बसलेले कुशल कारागीर आहेत आणि त्यांच्या अनुभवाला पर्याय नाही. परंतु घाई असलेल्या दिवशी हब न उघडता केवळ बाहेरची टोपी काढून वरून ग्रीज दाबण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. त्यामुळे जुने मळलेले ग्रीज आतच राहते व आतल्या बेअरिंगला नवे ग्रीज पोहोचतही नाही. मालक शेजारी उभा असेल आणि त्याला पुढील गोष्टी ठाऊक असतील, तर काम आपोआप पुरे होते.

१. जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी लावल्याशिवाय चाक काढू नये. केवळ जॅकवर विसंबणे जिवावरचे आहे.

२. हब स्पिंडलवरून पूर्ण उतरवावा. दोन्ही बाजूंची बेअरिंगे एकमेकांत मिसळू देऊ नयेत. जे बेअरिंग ज्या कपात फिरले, त्याच कपात ते परत गेले पाहिजे.

३. बेअरिंगे डिझेलमध्ये किंवा घासलेटात धुवावीत, पेट्रोलमध्ये धुऊ नयेत. धुतल्यावर हवेच्या नळीने ती गरगरा फिरवून सुकविण्याची हौस टाळावी. कोरडे बेअरिंग असे फिरविल्याने खराब होते आणि तुटल्यास इजा होते. ब्रेक ड्रममधील धूळही हवेने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी.

४. स्वच्छ रोलर व कप उजेडात पाहावेत. खड्डे, रेघा, निळसर छटा किंवा पिंजऱ्याची मोडतोड दिसल्यास बेअरिंग बदलावे. बदलताना कोन व कप ही जोडीच बदलावी. जुन्या कपात नवा कोन घालणे ही काटकसर नव्हे.

५. ग्रीज लिथियमचे, क्रमांक दोन किंवा तीनचे असावे. स्प्रिंगच्या शॅकलला द्यावयाचे साधे कॅल्शियम ग्रीज शंभर अंशांच्या आतबाहेर वितळते, लिथियम ग्रीज त्याहून कितीतरी अधिक उष्णता सोसते. दोन जातींची ग्रीजे एकत्र मिसळू नयेत. ग्रीज तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत जावे व रोलरांच्या फटींतून ते दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत भरावे. हबची पोकळी मात्र ठासून भरू नये. जादा ग्रीज तापते, सील ढकलते आणि ब्रेकवर उतरते.

६. आतले सील प्रत्येक वेळी नवे घालावे. जुने सील काढताना वाकते, ते ठोकून पुन्हा बसविणे व्यर्थ आहे. हबमध्ये काळे पातळ तेल आढळल्यास ॲक्सलचे आतील सीलही गेले आहे असे समजावे.

७. चाक हाताने फिरवीत आतला नट आवळत जावा, चाक जड होईपर्यंत. मग तो सुमारे एक षष्ठांश फेरा मागे सोडावा. चाक मोकळे फिरले पाहिजे, पण हलता कामा नये. त्यानंतर पत्र्याचे वॉशर बसवून बाहेरचा लॉकनट आवळावा, वॉशरची कड नटाच्या अंगावर दुमडावी आणि चाक पुन्हा हलवून पाहावे, कारण लॉकनट आवळताना मोजमाप थोडे बदलते. जुने दुमडलेले वॉशर तडकले असल्यास टाकून द्यावे. सुमारे १०० किलोमीटरांनंतर एकदा फेरतपासणी करावी.

वापरलेले डिझेल व ग्रीज विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. डब्यात साठवून ते जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे.

हब लॉकविषयी दोन शब्द

चारही चाकांच्या गाडीत पुढची चाके नेहमी इंजिनाला जोडलेली असण्याची गरज नसते. डांबरी रस्त्यावर मागची दोन चाके पुरतात. तेव्हा पुढच्या चाकांबरोबर आतला ॲक्सल व डिफरन्शिअल उगीच फिरू नये, म्हणून हबवर हाताने फिरविण्याचे लॉक बसविण्याची युक्ती निघाली. अमेरिकेत सिॲटल येथे आर्थर वॉर्न यांनी १९४८ च्या सुमारास जीपमालकांसाठी असे हब बनविण्यास आरंभ केला. आपल्याकडे काही जिप्सींत ते मुळातच आढळतात, तर कित्येक जीपमालकांनी ते मागाहून बसवून घेतले आहेत. उरलेल्या जीपमध्ये त्या जागी साधा पक्का फ्लँज असतो.

हे लॉक म्हणजे दिखाऊ चकती नव्हे, ते दातऱ्यांचे नाजूक यंत्र आहे. ते बिघडण्याची कारणे मुख्यतः दोन. एक म्हणजे वर्षानुवर्षे ते फिरविलेच जात नाही आणि गंजून बसते. दुसरे म्हणजे बेअरिंगचे ग्रीज त्यातही ठासून भरले जाते. जाड ग्रीजमध्ये सरकते कडे अडकते, दाते अर्धवट बसतात व भार येताच झिजून गोल होतात. हब लॉक धुऊन त्यास ग्रीजचा केवळ पातळ हात द्यावा, त्याचे पॅकिंग नवे घालावे व लहान स्क्रू बेताने आवळावेत. चकती बोटांनी फिरली पाहिजे. ती न फिरल्यास पक्कड लावण्याऐवजी गाडी हातभर पुढेमागे ढकलावी, म्हणजे दाते मोकळे होतात.

वापराचेही तीन नियम आहेत. दोन्ही बाजूंची लॉके नेहमी एकाच स्थितीत ठेवावीत. एक बंद व एक मोकळे राहिले तर डिफरन्शिअल सारी ओढ मोकळ्या बाजूला वाया घालवते आणि चिखलात गाडी जागची हलत नाही. चिखलात शिरण्यापूर्वीच लॉक लावावे, रुतल्यावर गुडघाभर चिखलात हात घालून चकती शोधण्यात अर्थ नाही. शिवाय कोरड्या दिवसांतही महिन्यातून एकदा लॉक लावून काही किलोमीटर गाडी चालवावी, म्हणजे आतल्या भागांना तेल पोहोचते. लॉक लावलेले असताना डांबरी रस्त्यावर जाण्यास हरकत नाही. मात्र फोर व्हीलचा दांडा टाकून कोरड्या डांबरावर चालवू नये, कारण वळताना पुढची चाके मागच्यांहून अधिक अंतर कापतात व तो ताण गिअरांवर येतो.

हब लॉक ठेवावे की काढून पक्का फ्लँज बसवावा, यावर मतभेद आहेत. लॉकमुळे इंधनाची फार मोठी बचत होते, असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. झीज व खडखड कमी होते, हा त्याचा खरा लाभ. ज्याची गाडी वर्षातील आठ महिने डांबरी रस्त्यावर असते व जो स्वतः चकती फिरवितो, त्याने लॉक ठेवावे. ज्याची गाडी अनेक हातांत असते आणि लॉक लावले की नाही हे कोणासच ठाऊक नसते, त्याला पक्का फ्लँजच बरा. साध्या वस्तूत कमीपणा नाही.

सुटे भाग आणि शिक्षण

खरेदीच्या वेळी जुन्या बेअरिंगवर कोरलेला क्रमांक लिहून घ्यावा आणि तोच मागावा. मूळ विलीज धर्तीच्या जीपमध्ये पुढच्या चाकाचा कोन १८५९० व कप १८५२० या क्रमांकांचा असतो, पुढील काळातील गाड्यांत निराळे क्रमांक येतात. नामांकित वेष्टनात नकली माल विकण्याचे प्रकार होतात. क्रमांक पुसट, कोरीव अस्पष्ट किंवा रोलर खरखरीत असतील तर ते बेअरिंग स्वस्तातही घेऊ नये. पावतीचा आग्रह धरावा.

अखेरीस खात्याच्या कर्तव्याविषयी. २०१४-१५ पासून कृषि यांत्रिकीकरण उप-अभियानाखाली अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांना साहाय्य मिळते. ट्रॅक्टर, टिलर व कापणी यंत्र यांच्याविषयी प्रशिक्षणेही होतात. परंतु शेतमाल ज्या वाहनातून बाजारात जातो, त्याच्या निगेचा समावेश त्यात क्वचितच असतो. शेतात पिकलेला माल बाजारात पोहोचेपर्यंत शेतीचे काम संपत नाही, हे मान्य केल्यास ही उणीव भरून काढली पाहिजे. अंबरनाथ व ठाणे येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसारख्या ठिकाणांच्या सहकार्याने, एप्रिल-मे महिन्यांत तालुक्याच्या गावी एक दिवसाचा मेळावा भरवावा. एक हब उघडून दाखवावा, खराब झालेली बेअरिंगे हातात द्यावीत आणि शेतकऱ्यांच्या मुलांकडूनच एक चाक पुन्हा बसवून घ्यावे. यास मोठा निधी लागत नाही. गावातील चार-सहा जीपमालकांनी मिळून बेअरिंग ओढण्याचा पुलर, मोठ्या नटाचा पाना व दोन घोड्या सामाईक घेतल्यास तो खर्चही विभागला जाईल.

जुने वाहन वापरणे हा गरिबीचा किंवा हौसेचा प्रश्न नाही. ज्या वाटेने नवे वाहन जात नाही, त्या वाटेवरच्या पाड्यांना ते लागते. मात्र जुन्या वस्तूचा हक्क सांगणाऱ्याने तिची निगाही स्वीकारली पाहिजे. नोंदणी वाढविताना तपासणी होते, ती ५ वर्षांतून एकदा. भरल्या गाडीचे पुढचे चाक मात्र दररोज हजारो फेरे घेते, आणि त्याची तपासणी मालकावाचून दुसरा कोणी करणार नाही. या वर्षी अक्षय्य तृतीयेपूर्वी प्रत्येक जीपमालकाने आपल्या मिस्त्रीकडे एक दिवस ठरवून घ्यावा, दोन सील व ग्रीजचा डबा सोबत न्यावा आणि हब उतरेपर्यंत तेथून हलू नये, अशी सर्व शेतकरी बांधवांना विनंती आहे.